‘येते हं मी’: जुन्या प्रेमाच्या आठवणीतून गिटारची सोलो रचना कशी करावी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी काही वर्षं भाड्याने राहिलो. माझी खोली वरच्या मजल्यावर होती आणि लाकडी जिना इतका अरुंद की गिटारची बॅग छातीशी धरून चढावं लागे. ती निघाली की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबायची आणि वर न बघता म्हणायची, ‘येते हं मी.’ आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ती चार अक्षरं मी किती वेळा ऐकली असतील याची मोजदाद नाही. त्यातली शेवटची वेळ कुठली होती, हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या चार अक्षरांवर मी गिटारची दीड मिनिटाची एक रचना केली. ती करताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने सांगतो. माझीच रचना उदाहरण म्हणून घेतो, म्हणजे प्रत्येक पायरीला बोटं नेमकी कुठे ठेवायची हे सांगता येईल. ए, डी आणि ई या मोकळ्या कॉर्ड तुम्हाला येत असतील आणि उजव्या हाताची बोटं वेगवेगळी चालत असतील, तर एवढी तयारी पुरे. पाश्चात्त्य स्वरलिपी येण्याची गरज नाही. सारेगम पुरेसं आहे.

आधी एकच क्षण निवडा

‘तिच्यावर काहीतरी करायचंय’ असं ठरवून बसलात तर काहीच होणार नाही. दोन-तीन वर्षांचं नातं दीड मिनिटात मावत नाही, आणि गिटारला शब्दही नाहीत. म्हणून एकच क्षण घ्या, आणि शक्यतो ज्याला आवाज आहे असा. चेहरा, कपडे, पत्रातली एखादी ओळ, या आठवणी कितीही मोलाच्या असल्या तरी त्यांचे सूर तुम्हाला कल्पनेने शोधावे लागतात. आवाजाच्या आठवणीत सूर आधीच असतो. फोनवर ‘हॅलो’ म्हणायची तिची पद्धत, त्याची सायकलची घंटा, दार उघडताना कडीचा होणारा आवाज, नावाने मारलेली हाक. हाक तर फारच उपयोगी. मराठीत हाक मारताना शेवटचं अक्षर आपण लांबवतो आणि बहुतेक वेळा सूर बदलतो. म्हणजे अर्धी चाल तिथेच तयार असते.

कागदावर तीनच गोष्टी लिहा: आवाज कोणता, तो कुठून येत होता (जवळून, खालून, भिंतीपलीकडून), आणि त्यानंतर काय व्हायचं. माझ्या कागदावर होतं: ‘येते हं मी’, खालून, जिन्याच्या पोकळीतून, त्यानंतर वाड्याचं दार. हे तिसरं उत्तर रचनेच्या शेवटाला उपयोगी पडतं, तेव्हा ते टाळू नका.

एक सूचना मनापासून. ताटातूट नुकतीच झाली असेल तर सध्या हे काम हाती घेऊ नका. त्या दिवसांत गिटार जरूर वाजवा, पण रचना नंतर करा. ताज्या दुःखात माणूस प्रत्येक कॉर्ड मायनर करतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबतो. हुरहूर ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात गोडवा आधी असतो आणि सावली मागाहून पडते. रचनेतही त्याच क्रमाने जायचं आहे.

गिटार खाली ठेवून चाल शोधा

हातात गिटार असली की बोटं सवयीच्या जागी जातात. शंभर वेळा वाजवलेलं वळण पुन्हा निघतं आणि आपल्याला वाटतं सुचलं. म्हणून पहिले दोन दिवस गिटार बॅगेतच राहू द्या. निवडलेले शब्द मोठ्याने म्हणा, अगदी त्या व्यक्तीच्या ढंगात. मग अक्षरं हळूहळू लांबवत जा. बोलण्यातला चढ-उतार गाण्यासारखा ऐकू यायला लागेल. तो गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी, मागचं न ऐकता, पुन्हा एकदा करा. दोन्हींत जे सारखं आलं ती तुमची चाल.

माझ्या चार अक्षरांतून हे निघालं: ये (प), ते (ध), हं (प), मी (ग). ‘ते’ वर थोडा वर जाऊन सूर ‘मी’ला खाली उतरतो, पण ‘सा’पर्यंत पोचत नाही. गंधारावरच राहतो. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायची तसा. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, बोलण्यातच ते होतं.

चार ते सहा स्वरांपेक्षा मोठी चाल घेऊ नका. ऐकणाऱ्याला ती दुसऱ्यांदा आल्यावर ओळखता आली पाहिजे. हुरहूर लागते ती ओळखीच्या गोष्टीला, आणि दीड मिनिटात ओळख व्हायची तर ती गोष्ट छोटीच असावी लागते.

आणखी एक मोह इथेच आवरा. तुम्ही दोघं मिळून ऐकायचात ते गाणं. त्याची ओळ आपल्या रचनेत घालावी असं हमखास वाटतं. पण ती ओळ आली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा काळ आणि त्याची स्वतःची माणसं उभी राहतात. तुमची आठवण बाजूला पडते. शिवाय चाल दुसऱ्याची.

पट्टी: ए मेजर, आणि का

आता गिटार घ्या. या कामासाठी ए मेजर ही पट्टी मी आग्रहाने सुचवतो. कारण सरळ आहे. पाचवी तार मोकळी वाजवली की ए, चौथी मोकळी म्हणजे डी, सहावी मोकळी म्हणजे ई. तिन्ही मुख्य कॉर्डचा खर्ज मोकळ्या तारांवर मिळतो, त्यामुळे डावा हात चालीसाठी मोकळा राहतो. पाचवी तार ११० हर्ट्झची. तो आपला खर्जातला सा. गुणगुणलेली चाल तुमच्या गळ्याला उंच हवी असेल तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. बोटांच्या जागा त्याच राहतील.

प, ध, प, ग कुठे सापडतात ते बघा. ‘प’ म्हणजे पहिली तार मोकळी. ‘ध’ पहिल्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटला. ‘ग’ दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. ‘म’ त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला, ‘रे’ म्हणजे दुसरी तार मोकळी. सगळं चार फ्रेटांच्या आत.

नायलॉनच्या तारा की स्टीलच्या? नायलॉनचा आवाज मऊ, पण वरच्या तारांचा नाद लवकर विरतो. स्टीलचा जास्त वेळ टिकतो. मी नायलॉनवर वाजवतो. गिटारचा स्वर छेडल्याक्षणापासून मावळायला लागतो. व्हायोलिन किंवा गळा जसा धरलेला स्वर फुगवू शकतो तसं इथे होत नाही. आठवणीच्या रचनेला ही उणीव चांगली मानवते, पण एक जबाबदारीही येते: लांब स्वराच्या खाली दुसरं काहीतरी हलकेच चालू ठेवावं लागतं, नाहीतर मधे पोकळी पडते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम करत असाल तर वाद्याकडे आधी लक्ष द्या. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत हवा त्याच्या कितीतरी वर असते, लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात आणि स्वर सरकतात. वाद्य बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दर बैठकीला ट्यूनर लावा. या रचनेत मोकळ्या तारा सतत वाजणार आहेत. त्या जरा जरी उतरल्या तरी लपणार नाहीत.

पहिला भाग: आठ बार, एकही सावली नको

लय तीन-तीन मात्रांची घ्या. तीन मात्रांचा एक गट म्हणजे एक बार. दोन बार मिळून सहा मात्रा, म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. चाल त्यात नीट बसते. गोव्याचा मांडो आठवून बघा. प्रेम आणि विरहाची ती कोंकणी गाणी सहा मात्रांच्याच संथ झुल्यावर चालतात. चार मात्रांची लय पावलं टाकत पुढे जाते. तीनची जागच्या जागी डोलते, आणि इथे आपल्याला कुठे पोचायचं नाही. मेट्रोनोम ६६ वर लावा.

माझा पहिला भाग असा आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक बार. आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर तसाच धरलेला.

१. ए मेजर: प – ध
२. एफ शार्प मायनर: प ग –
३. डी मेजर: म – ग
४. ई मेजर: रे – –
५. ए मेजर: प – ध
६. एफ शार्प मायनर: प ग –
७. डी मेजर: म – रे
८. ए मेजर: ग – –

पहिल्या दोन बारांत ‘येते हं मी’. पुढच्या दोनांत त्याला उत्तर, जणू वरून मी काहीतरी म्हणतोय. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा उत्तर, पण या वेळी उत्तर ‘ग’वर येऊन थांबतं. तिच्याच स्वरावर. भाग ‘सा’वर संपवायचा मोह होईल, संपवू नका. ‘सा’वर आलात की गोष्ट संपली असं कानाला वाटतं.

उजव्या हाताचं काम: खर्ज अंगठ्याने, चाल अनामिकेने, मधल्या तारा तर्जनीने आणि मधल्या बोटाने. प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा, म्हणजे बारमध्ये सहा आघात होतील. पहिल्या आघाताला अंगठा आणि अनामिका एकदम, मग तर्जनी, मधलं, तर्जनी. पाचव्या आघाताला पुन्हा अनामिका, म्हणजे चालीचा दुसरा स्वर. सहावा तर्जनीचा. दुसऱ्या आणि सहाव्या बारात चालीचा दुसरा स्वर दुसऱ्याच मात्रेवर येतो, तेव्हा तिथे अनामिका तिसऱ्या आघाताला लागेल. डी मेजरला मधे फारशा तारा उरत नाहीत, तिथे एकटी तिसरी तार वाजवली तरी चालेल.

एफ शार्प मायनरला नेहमीचा ‘बार कॉर्ड’ (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरतात तो) धरू नका. त्यात पहिली तार दाबली जाते आणि ‘प’ मिळत नाही. तर्जनी सहाव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला, अनामिका दुसऱ्या तारेवर दुसऱ्याला. पहिली तार मोकळी. सुरुवातीला बोटांची गर्दी होते, आठवडाभरात सुटते.

या भागात मायनरचा हा एकच स्पर्श आहे, तोही जाता जाता. बाकी सगळं उजळ ठेवा. फ्रान्सिस्को तारेगा हा स्पॅनिश गिटारवादक (१८५२–१९०९) याची ‘लाग्रिमा’ नावाची छोटी रचना गिटार शिकणारे अनेक जण वाजवतात. नावाचा अर्थ ‘अश्रू’. पण ती सुरू होते ई मेजरमध्ये. मधला भाग ई मायनरमध्ये जातो आणि मग पहिला भाग जसाच्या तसा परत येतो. स्वर एकही बदललेला नसतो, तरी मधलं ऐकून झाल्यावर तोच मेजर कानाला निराळा लागतो. रडवणं हे मायनर कॉर्डचं काम आहे असा समज ज्यांचा असेल त्यांनी ती एकदा शांतपणे वाजवून पाहावी. माझा तो समज तिथेच गेला.

दुसरं आवर्तन: दोघं

हेच आठ बार पुन्हा वाजवायचे, पण आता चालीखाली दुसरा आवाज घालून. माझ्या मते सगळ्या रचनेत करायला सर्वांत आनंदाची जागा हीच आहे. मांडो गाताना दोन आवाज समांतर चालतात, तोच हा जोड.

प्रत्येक स्वराखाली सहावा स्वर घ्या. ‘प’खाली मंद्र नि, ‘ध’खाली सा, ‘ग’खाली मंद्र प. गिटारवर: पहिली तार मोकळी आणि तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, मग पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट आणि तिसऱ्याचा दुसरा, मग पुन्हा आधीची जोडी, शेवटी दुसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि चौथ्या तारेचा दुसरा. प्रत्येक वेळी मधली एक तार वगळली जाते. तर्जनी आणि अनामिका यांनी एकदम छेडा. मधले आघात इथे कमी करा, दोन आवाजांना जागा द्या. वरचा आवाज किंचित मोठा हवा. खालचा फक्त जाणवला पाहिजे.

खालचा आवाज नुसता वाजवून बघा: नि सा नि प. एकटा ऐकला तर त्यात फारसं काही नाही. त्याचं सगळं सौंदर्य वरच्याच्या सोबतीत आहे.

उत्तराच्या बारांत मात्र दुसरा आवाज घालू नका. ते पहिल्यासारखेच ठेवा.

मधला भाग: दूर जा

परत यायचं तर आधी दूर जावं लागतं. आठ बार एफ शार्प मायनर, बी मायनर, डी आणि ई यांच्यावर फिरा, प्रत्येकी दोन बार. चाल वर न्या: पहिल्या तारेवर दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फ्रेटला ध, नि आणि वरचा सा. आतापर्यंत वरचा सा ऐकूच आला नव्हता, म्हणून तो आला की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. बी मायनरला पूर्ण कॉर्ड नको. पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, दुसऱ्या तारेचा तिसरा, पहिल्याचा दुसरा, एवढे तीन स्वर पुरतात. त्यावरून ध, प, म असं उतरता येतं.

या भागातली नेमकी चाल मी देत नाही. ही जागा तुमची. नंतरची वर्षं, दुसरं शहर, नोकरी, जे काही मधे घडलं ते इथे येईल. अट एकच, ‘प ध प ग’ हे वळण इथे येऊ देऊ नका. बोटं तिकडे ओढली जातील, तरी नको. आठ बार ते ऐकू आलं नाही तरच परतल्यावर त्याची किंमत कळते. शेवटच्या ई मेजरच्या बारात फक्त सहावी तार छेडा आणि ती विरत असताना थांबा.

परतणं: कोमल धैवत आणि न वाजवलेला गंधार

शेवटच्या आठ बारांवर मी सर्वांत जास्त दिवस घालवले, तुम्हीही घालवा. पहिले चार बार अगदी सुरुवातीसारखे. एकटी चाल, दुसरा आवाज नाही. ज्याने दुसऱ्या आवर्तनात दोघं ऐकली आहेत त्याला आता एकटेपण सांगावं लागत नाही. त्यानंतरचे चार बार असे:

२९. डी मेजर: ध – –
३०. डी मायनर: कोमल ध – प
३१. ए, गंधाराविना: प ध प
३२. ए, गंधाराविना: रिकामा

डी मेजरवरून डी मायनरवर जाताना चालीचा स्वर पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्या फ्रेटला येतो. एक फ्रेट, अर्धा स्वर. शुद्ध धैवत कोमल होतो. मेजर पट्टीत चौथ्या स्वरावरची कॉर्ड अशी अचानक मायनर झाली की काळजात जे हलतं ते दुसऱ्या कशाने हलत नाही, असा माझा अनुभव आहे. बाकी सगळे स्वर शुद्ध आणि धैवत तेवढा कोमल, ही आपल्याकडे नटभैरवाची स्वरावली. तो राग वाजवा असं मी म्हणत नाही. पण नटभैरव कानावरून गेलेला असेल तर ही जागा तुम्हाला परकी वाटणार नाही.

हा कोमल धैवत अख्ख्या रचनेत एकदाच येऊ द्या. मी पहिल्या खर्ड्यात तो चार वेळा घातला होता, आणि चौथ्या वेळी तो नुसता एक सुंदर कॉर्ड उरला. ‘ध’वरून ‘कोमल ध’वर बोट घसरवत नेऊ नका. स्वच्छ उचलून ठेवा. अशी मींड इथे रडकी होते.

मग एकतिसावा बार. तीन मात्रा, तीन स्वर: प, ध, प. ये, ते, हं. इथे ‘ध’ पुन्हा शुद्ध. चौथा स्वर पुढच्या बारात यायला हवा, तो वाजवायचा नाही.

यात तांत्रिक काळजी एक आहे. चालीतला ‘ग’ सोडला पण खाली साथीत तो वाजत राहिला तर सगळं फुकट. ए मेजरच्या नेहमीच्या कॉर्डमध्ये दुसऱ्या तारेवर ‘ग’ असतो. म्हणून या दोन बारांत दुसऱ्या तारेला हात लावू नका. पाचवी मोकळी, चौथ्याचा दुसरा फ्रेट, तिसऱ्याचा दुसरा. म्हणजे फक्त सा आणि प. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारच ठरवतो. तो नसला की कानाला सुखही सांगता येत नाही आणि दुःखही. तानपुरा षड्ज-पंचमात लावला की तारांवर हेच दोन स्वर असतात.

बत्तिसाव्या बारात दोन मात्रा काहीच नको. तिसऱ्या मात्रेला पाचव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकेच टेकवून हार्मोनिक वाजवा. दाबू नका, नुसता स्पर्श. माझ्यासाठी ते वाड्याचं दार आहे. तुमच्या कागदावरच्या तिसऱ्या ओळीत जे असेल ते इथे ठेवा. त्या ओळीत काहीच नसेल, तर बार रिकामाच राहू द्या.

वाजवण्याविषयी थोडं

एकूण ३२ बार, ९६ मात्रा. ६६ च्या लयीत ८७ सेकंद होतात, शेवटाला थोडं रेंगाळलात की दीड मिनिट. आधी आठ-दहा दिवस मेट्रोनोमशी काटेकोर वाजवा. लय पक्की झाल्याशिवाय ती सोडलीत तर रेंगाळणं आणि चुकणं यातला फरक ऐकणाऱ्याला कळणार नाही. नंतर फक्त एका जागी सैल व्हा: प्रत्येक वेळी ‘ध’ येण्याआधी श्वासभर थांबा. इतर कुठेही नको.

आवाजाचा रंग उजव्या हाताच्या जागेवर ठरतो. पहिली दोन आवर्तनं साउंडहोलवर, मधला भाग ब्रिजच्या बाजूला दोन बोटं सरकून, जरा उघडा आणि कडक. परतताना साउंडहोलच्या मानेकडच्या कडेवर या. तिथे स्वर गोल आणि मऊ लागतो, जसा दुसऱ्या खोलीतून यावा. हे एवढं केलंत तर इकोची काहीच गरज राहत नाही. मी तर म्हणेन, लावूच नका. ‘ग’ न वाजवल्यामुळे तयार झालेली रिकामी जागा इको भरून टाकतो.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. तो बाराव्या फ्रेटसमोर साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवा. साउंडहोलसमोर ठेवलात तर खर्ज घुमतो आणि चाल बुडते. पंखा बंद, आणि वेळ शक्यतो रात्रीची. शेवटचा हार्मोनिक वाजल्यावर हात तारांवर ठेवू नका, रेकॉर्डिंगही बंद करू नका. तार पूर्ण विरेपर्यंत बसून राहा. पहिल्यांदा मला हे जमलं नाही. मी लगेच उठून बटण दाबलं आणि तो अख्खा प्रयत्न फेकून द्यावा लागला.

पाठवावं का, नाव काय द्यावं

रचना झाली की ती त्या व्यक्तीला पाठवावीशी वाटते. मी पाठवली नाही. तिचं आता तिचं घर आहे, तिचे दिवस आहेत, आणि मी ज्या आवाजावर इतके महिने घालवले तो तिने कधीच सोडून दिलेला असेल. ही रचना माझ्याजवळ जे उरलं त्याची आहे. तुमचं नातं वेगळं असेल, आजही बोलणं होत असेल, तर निर्णय तुमचा. पण पाठवण्याआधी एक महिना थांबा आणि ती कुणा त्रयस्थाला, काहीही न सांगता ऐकवा. त्याने ‘कुणाची आठवण आहे?’ असं विचारलं तर समजा रचना उभी राहिली. ‘छान वाजवलंस’ म्हणाला तर शेवटच्या चार बारांकडे परत जा.

नावात त्या व्यक्तीचं नाव घालू नका, आद्याक्षरही नको. वस्तूचं किंवा जागेचं नाव द्या. माझ्या फाइलवर नुसतं ‘जिना’ असं लिहिलं आहे.